जुन्या गावठाणातील रुद्रभूमी : भिंतीआधी नावांची नोंद व्हावी

तेरणाकाठ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ज्या ५२ गावांचे पुनर्वसन नव्या जागी झाले, त्यांपैकी एक गाव आमचे आहे. घरे, शाळा, मारुतीचे मंदिर, आठवडी बाजार असे सगळे नव्या गावठाणात आले. जुन्या गावठाणात ढिगारे राहिले, बारव राहिली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला आमच्या लिंगायत समाजाची रुद्रभूमी, म्हणजे दफनभूमी, राहिली. नव्या गावाला नवी रुद्रभूमी मिळाल्यामुळे जुन्या जागी माती देणे हळूहळू बंद झाले आणि आज तिथे वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत यांतून वाट काढत आत जावे लागते.

आता या जागेच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव गावात आला आहे. चारी बाजूंनी भिंत, दर्शनी कमान, आत पेव्हर ब्लॉकचा रस्ता, बसण्यासाठी शेड आणि या सर्वांच्या आधी जेसीबी लावून सपाटीकरण, असे कामाचे स्वरूप आहे. इतक्या वर्षांनी कोणाला तरी या जागेची आठवण झाली याचा मला मनापासून आनंद आहे. भिंतीलाही माझा विरोध नाही, कारण एका बाजूचा बांध दर पेरणीला थोडा थोडा आत सरकतो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, कोणाची समाधी कुठे आहे याची नोंद पूर्ण होईपर्यंत त्या जागेत यंत्र जाऊ नये.

जागा जेमतेम दीड एकराची असेल. उत्तरेकडे घडीव काळ्या दगडाचे जुने ओटे आहेत. काहींवर लहान शिवलिंग आहे, काहींवर नंदी आहे आणि एका ओट्याच्या दर्शनी दगडावर बेलाचे त्रिदळ कोरलेले असून त्याखाली कन्नड लिपीतील दोन ओळी आहेत, ज्यांतली अर्धी अक्षरे झिजली आहेत. हे ओटे देशमुख, पाटील, वाणी अशा ऐपत असलेल्या घरांचे आहेत. त्यांच्या खालच्या बाजूला, जागेच्या मोठ्या भागात, नुसते मातीचे उंचवटे आहेत. उशाला एक दगड, कुठे तुळशीचे मोडके वृंदावन, कुठे काहीच नाही. लहान मुलांना ओढ्याच्या कडेला माती दिली जात असे. आणि कडुनिंबाजवळ भूकंपातल्या माणसांची ओळ आहे.

या ओळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या दिवसांत पाऊस सुरू होता, ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचे काम अहोरात्र चालले होते आणि बहुतेक ठिकाणी जात-धर्म न पाहता सामुदायिक अग्नी द्यावा लागला. आमच्या गावातील काही घरांनी मात्र आपल्या माणसांना रुद्रभूमीत आणले. मृतदेह पद्मासनात बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, विभूती, बिल्वपत्रे आणि मीठ घालून माती देण्याची आमची रीत आहे. पण तेव्हा विधी सांगायला स्वामी नव्हते, विमान म्हणजे मृतदेह बसवून नेण्याची पालखी सजवायला कोणी नव्हते आणि एकेका खड्ड्यात एकाच घरातली दोन-दोन माणसे ठेवली गेली. ओटे बांधण्याचा प्रश्नच आला नाही, कारण उरलेली माणसे पत्र्याच्या निवाऱ्यात राहत होती. आज त्या ओळीत कोण आहे हे ज्यांना नक्की माहीत आहे, ती माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. गावातील एक आजी काठीचे टोक जमिनीला टेकवत ओळीने नावे सांगतात, ‘ही थोरली जाऊ, ही तिची लेक, हा दिवाळीला सासुरवाडीला जायचा होता तो,’ आणि मध्येच एका जागी थांबून म्हणतात की, इथला कोण ते आता आठवत नाही. सपाटीकरण झाल्यावर काठी कुठे टेकवायची हेही त्यांना कळणार नाही.

अशी नोंद कोणी आपल्या गावात केली असल्यास ती कशी केली, कागदपत्रे कुठे मिळतात आणि जुन्या दगडांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त मंडळ अधिकारी

ताई, आपण योग्य वेळी विषय काढला आहे. महसुली बाजूने जे करता येईल ते लिहितो.

सर्वांत आधी त्या जागेचा सातबारा काढावा आणि जमीन कोणाच्या नावे आहे व ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. पुनर्वसित गावांत जुन्या गावठाणाची आणि त्यालगतच्या जमिनीची स्थिती गावोगाव वेगळी असते, म्हणून शेजारच्या गावावरून अनुमान करू नये. त्यानंतर मागे जावे. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक (जमिनींची गाववार नोंद) हा मोठा आधार आहे आणि त्याआधीचा सेतवार (निजामकालीन जमीन नोंद) मिळाल्यास अधिकच चांगले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली, त्यामुळे कोणते दप्तर कोणत्या कार्यालयात आहे आणि उर्दू व मोडी वाचणारे कोण आहेत, हे आज तहसील कार्यालयात पूर्वीपेक्षा लवकर कळते. या संधीचा उपयोग करून घ्यावा.

रुद्रभूमीची जमीन एखाद्या मठाच्या इनामाची असण्याचीही शक्यता तपासावी. आपल्याकडील खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या) व मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनाम जमिनी हैदराबाद अतियात चौकशी कायदा, १९५२ खाली येतात आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात. जमीन सरकारी निघाली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी ती दफनभूमीसाठी नेमून देऊ शकतात. एकदा तशी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही, आणि मला विचाराल तर कमानीपेक्षा हा एक आदेश त्या जागेचे अधिक रक्षण करील.

बांध सरकत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात. भिंत बांधायचीच असेल तर ती मोजणीनंतर बांधावी. मोजणीआधी बांधलेली भिंत अतिक्रमण केलेल्यालाच कायम करते, हे मी नोकरीत अनेक गावांत पाहिले आहे. शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण काढण्याची घाई करू नये. मोजणीची नोटीस त्यालाही जाते आणि खुणा त्याच्यासमोर ठरल्या की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

दफनाच्या जागी जाणीवपूर्वक विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते. विकासकामाच्या सपाटीकरणाला हे कलम लावण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी ग्रामसभेत ठराव करून घ्यावा की, समाध्यांची नोंद व नकाशा झाल्यावरच काम सुरू होईल आणि सपाटीकरण हा भाग अंदाजपत्रकातून वगळावा. निधी जनसुविधा योजनेतून येत असेल तर अंदाजपत्रकात असा बदल सुचवणे अवघड नसते, मात्र तो कार्यारंभ आदेशाच्या आधी व्हावा लागतो.

भूकंपातील मृतांची नावे हवी असतील तर आणखी एक मार्ग आहे. वारसांना मदत देण्यासाठी त्या वेळी गाववार याद्या झाल्या होत्या. त्या याद्या आणि ग्रामपंचायतीचे मृत्यू नोंदवहीचे पान शेजारी ठेवून आजींनी सांगितलेली नावे पडताळावीत.

कल्याणवाट

विषय महत्त्वाचा आहे, तरीही एक वेगळे मत आदरपूर्वक मांडतो. स्थावराला (उभ्या, अचल गोष्टीला) नाश आहे आणि जंगमाला (चालत्या, चैतन्यमय गोष्टीला) नाही, असे बसवण्णांनी बाराव्या शतकात सांगितले. लिंगैक्य झालेल्या, म्हणजे निधन पावलेल्या, माणसाचा देह मातीला मिळाला की त्या जागेचे काम संपले, असे आमच्या घरातील अप्पा सांगत असत आणि म्हणून त्यांनी स्वतःसाठी ओटा बांधू दिला नाही. गावोगाव समाध्यांवर संगमरवर चढवून थोर-लहान असा भेद मेल्यावरही पाळला जातो, हे मला आपल्या तत्त्वाशी विसंगत वाटते. दगडांच्या जतनासाठी इतका आटापिटा करताना आपण नेमके काय जपतो आहोत, याचा विचार व्हावा. शिवाय रुद्रभूमीत जुन्या जागीच काही वर्षांनी पुन्हा माती देण्याची पद्धत अनेक गावांत आहेच.

तेरणाकाठ

दादा, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि म्हणूनच मी ओट्यांपेक्षा नावांवर भर दिला आहे. ज्यांनी दगडाचे ओटे बांधले त्यांची आठवण त्या दगडांनी ठेवली. ज्यांच्या उशाला साधा धोंडा आहे ती माणसे फक्त जिवंत माणसांच्या सांगण्यात उरली आहेत. सुशोभीकरण झाले तर उत्तरेकडचे ओटे रंगवून उभे राहतील आणि खालचे उंचवटे पेव्हर ब्लॉकखाली जातील, म्हणजे आपण म्हणता तो थोर-लहान भेद कायमचा पक्का होईल. सर्वांची नावे एकाच वहीत, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिली जावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. अंगावर मोठा दगड नको, ही आपल्या घरच्या अप्पांची इच्छाही त्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

जुन्या छावणीचा शेजारी

मी जालन्याचा आहे. आमच्याकडे, हिंगोलीला, औरंगाबादला आणि मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाईला हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, छावण्या होत्या. १९०३ मध्ये ते सैन्य ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले आणि पुढे बहुतेक छावण्या गेल्या, पण गोऱ्यांची दफनभूमी मागे राहिली. अशा जागांतली थडगी फुटली, संगमरवरी पाट्या निघून गेल्या, तरी तिथे कोण आहे हे पुष्कळ अंशी शोधता येते. कारण दफनांच्या नोंदींच्या प्रती मद्रास, मुंबई आणि बंगाल या इलाख्यांतून लंडनला जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९७६ पासून ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया ही संस्था अशा थडग्यांवरील मजकूर गोळा करून ठेवत आली आहे. तापाने गेलेल्या साध्या शिपायाच्या तान्ह्या मुलाचेही नाव तिथे सापडते. त्याच काळात त्याच गावात वारलेल्या आपल्या माणसांची अशी यादी कुठेच नाही, ही गोष्ट मला फार लागते.

अजिंठा गावातील पारोची समाधी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल या चित्रकाराची ती सहचरी होती. गिलने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. पारो २३ मे १८५६ रोजी वारली, हे आपल्याला तिच्या दगडावरील अक्षरांमुळे कळते. तो दगड फुटला असता किंवा कोणी पायरीला वापरला असता, तर या बाईची तारीखसुद्धा उरली नसती.

दगडांविषयी माझ्या अनुभवाचे थोडे. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ओटे कलतात व सांधे उघडतात. कललेला ओटा पाहून लगेच सिमेंट ओतू नये. जुने बांधकाम चुन्यातले असते. सिमेंट ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा झडू लागतात. सांधे चुन्यानेच भरावेत. पिंपळ-उंबराचे रोप उपटू नये, कारण मुळासकट दगडही निघतो. ते बुंध्याशी कापून वारंवार छाटत राहावे. शेवाळ काढण्यासाठी पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ॲसिड, तारेचा ब्रश आणि ऑइल पेंट या तीन गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. चांदीच्या रंगाखाली गेलेली अक्षरे मी पाहिली आहेत आणि ती परत मिळवणे फार कठीण असते. कन्नड ओळी वाचायच्या असतील तर त्यांवर खडू किंवा पीठ घासू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेने, तिरका धरा आणि प्रत्येक बाजूने एकेक फोटो घ्या. दिवसा न दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात.

अंबाजोगाईची लेक

आमच्या गोसावी समाजातही समाधी देण्याची रीत आहे. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची आहे. तिथे माणसे दर्शनाला येतात, दिवाबत्ती होते. बीड जिल्ह्यातच कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी कार्तिकी पौर्णिमेला लोटलेली गर्दी सर्वांना माहीत आहे. संतांच्या समाध्यांना समाज विसरत नाही. सामान्य माणसांच्या समाध्या मात्र दोन पिढ्यांत अनोळखी होतात.

माझी एक सूचना आहे. नोंद करताना बाईचे नाव ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढ्यावर थांबवू नये. आमच्या मठामागील समाध्यांची यादी आम्ही केली तेव्हा पुरुषांची नावे पटापट मिळाली आणि बायकांच्या बाबतीत ‘थोरल्या घरची म्हातारी’ अशीच उत्तरे आली. मग आम्ही त्यांच्या माहेरी विचारले. मुलीचे पाळण्यातले नाव माहेरच्यांना आठवते. सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव असे तिन्ही लिहा. आणि बाळंतपणात गेलेल्या बायका, पाटीवर नाव नसलेली लेकरे यांच्यासाठी वहीत जागा ठेवा, मग नाव मिळो अथवा न मिळो.

परभणीकर

कब्रस्तानाच्या बाबतीत आमच्याकडे एक उपयुक्त चाल आहे, ती सांगतो. शब-ए-बरातला घरातले पुरुष रात्री कब्रस्तानात जातात, म्हणून त्याआधीच्या दिवसांत झाडझूड, काटेरी झुडपांची सफाई आणि खचलेल्या कबरींवर माती टाकणे आपोआप होते. त्या वेळी वडील मुलाला हाताने दाखवतात की, ही तुझ्या पणज्याची. वर्षातून एकदा ठरलेला दिवस असल्यामुळे जागा ओळखीची राहते. आपल्याकडे महाशिवरात्र किंवा ३० सप्टेंबर असा एखादा दिवस ठरवता आला, तर नोंदवही एकदाच होऊन कपाटात पडून राहणार नाही.

दुसरे असे की, आपण खड्डा घेणाऱ्या माणसांना विचारले आहे का? प्रत्येक गावात हे काम ठरावीक घरांकडे असते. जुन्या जागी कुदळ लागू नये म्हणून कोणती समाधी कुठे आणि कोणत्या साली झाली, हे त्यांना लक्षात ठेवावेच लागते. मानाच्या माणसांना सर्व जण विचारतात. यांना कोणी विचारत नाही. त्यांचे सांगणे लिहून घ्या आणि त्यांचे नाव माहिती देणारा म्हणून वहीत अवश्य लिहा. एखाद्या दगडावर उर्दू किंवा फारसी मजकूर निघाला, तर त्याचा फोटो इथे द्यावा. वाचून देण्याची जबाबदारी माझी.

तेरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खड्डा घेणाऱ्या घरातील माणसांना विचारण्याचे आम्हा कोणालाच सुचले नव्हते. त्या घरातील एका काकांना काल फोन केला. त्यांचे वडील आणि ते स्वतः भूकंपाच्या वेळी त्या ओळीवर सलग काम करत होते. कोणत्या खड्ड्यात दोन माणसे आहेत हे त्यांनी फोनवरच सांगितले आणि आजींना न आठवलेल्या जागेविषयीही त्यांना काही माहिती आहे. ते पुण्याला मुलाकडे असतात. येत्या अमावास्येला गावी येतील तेव्हा आजी आणि ते दोघे एकत्र जागेवर येणार आहेत. दोघांचे सांगणे वेगवेगळे लिहून मगच जुळवायचे, असे ठरवले आहे, कारण एकाने सांगितलेले ऐकून दुसऱ्याच्या आठवणीत तेच भरते.

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा मंडळ अधिकारी काकांच्या सूचनेप्रमाणे केला आहे : आधी मोजणी, मग नोंद व नकाशा, मग भिंत, सपाटीकरण वगळावे, पेव्हर ब्लॉकऐवजी कडेने मुरमाची पायवाट करावी. सरपंचांनी मसुदा शांतपणे वाचला आणि निधी परत जाणार नसेल तर आपली हरकत नाही, असे सांगितले. त्यांची काळजी रास्त आहे, म्हणून कामाची मुदत पाहूनच आम्ही नोंदीचे काम आखत आहोत.

वहीचे रकाने सध्या असे ठरवले आहेत. समाधीचा अनुक्रमांक, दोरी लावून आखलेल्या चौकोनाचा क्रमांक आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, व्यक्तीचे नाव, बाईचे असल्यास माहेरचे नाव व गाव, अंदाजे साल, आणि साल आठवत नसेल तर ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी’, ‘रझाकाराच्या वर्षी’ अशी सांगणाऱ्याने दिलेली खूण जशीच्या तशी, समाधीचे स्वरूप, फोटो, माहिती कोणी दिली आणि ती कोणत्या कागदाशी जुळली. नाव न मिळालेल्या समाधीलाही क्रमांक मिळेल आणि तिचा रकाना मोकळा राहील. वहीच्या तीन प्रती होतील : एक ग्रामपंचायतीत, एक मठात आणि एक शाळेत.

कल्याणवाट

ताई, आपले उत्तर पटले. माझे आजोळ आपल्या शेजारच्या गावचे आहे आणि आईच्या आजीला आपल्याच जुन्या रुद्रभूमीत माती दिली होती, असे घरात ऐकले आहे. ओटा नाही. तिचे सासरचे नाव व माहेरचे गाव आईला विचारून दोन दिवसांत इथे लिहितो. कन्नड ओळींचे फोटोही पाठवा. हळेगन्नड म्हणजे जुनी कन्नड असल्यास बसवकल्याणच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवता येतील.

तेरणाकाठ

अवश्य लिहा. बाहेरगावी असलेल्या इतर कुटुंबांनाही विनंती आहे की, मातीच्या वेळचे फोटो, मृत्यूचे दाखले, निधनाच्या छापील पत्रिका किंवा नुसती आठवण, जे असेल ते ग्रामसभेच्या आधी कळवावे. जागेवर दोरी लावण्यासाठी आणि काटेरी झुडपे काढण्यासाठी चार-सहा माणसांची गरज आहे. झुडपे कोयत्याने कापायची आहेत, मुळे ओढायची नाहीत, म्हणून येणाऱ्यांनी हातमोजे आणि कोयता आणावा, कुदळ-फावडे आणू नये.